कोणाची इच्छा?
ख्रिस्ती धर्मविचारातील इच्छास्वातंत्र्य आणि शरणागती

१

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गातील एका ख्रिस्ती विद्यार्थ्याचे वडील विहीर खोदताना दरड कोसळून गेले. घराणे मूळचे महार. पणजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेले. मी मातीला गेलो होतो. प्रार्थनेत पाळकांनी सांगितले की, प्रभूच्या इच्छेपुढे माणसाने नमावे, कुरकुर करू नये. विहिरीचा मालक तिथेच हात जोडून उभा होता. त्याने मान डोलावली. पावसाने माती भिजली होती, काठाला आधार दिलेला नव्हता, मजुरांनी दोन दिवस थांबू म्हटले होते आणि त्याने थांबू दिले नव्हते. हे सगळ्या गावाला माहीत होते.

आठवड्याने तो मुलगा मला भेटला. म्हणाला, "सर, नुकसानभरपाईचा अर्ज केला तर ते देवाच्या इच्छेविरुद्ध जाणं होईल का? आई तसंच म्हणते."

मी बौद्ध घरातला. 'देव ही कल्पनाच सोडून दे' असे म्हणून मला मोकळे होता आले असते. पण त्या बाईच्या दुःखाला ते उत्तर नव्हते, आणि मुलाच्या प्रश्नालाही नव्हते. सटवाईने कपाळी लिहिले, मागल्या जन्मीचे भोग, पायरीने राहावे, ही भाषा आपण ओळखतो. तिच्यामागे कोण उभे आहे हेही ओळखतो. 'प्रभूची इच्छा' ही भाषा मात्र सर्व माणसे एका देवाची लेकरे आहेत असे सांगणाऱ्या धर्मातून आली होती. ती मालकाच्या इतक्या सोयीची कशी झाली? हा प्रश्न घेऊन मी वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

२

ख्रिस्ती धर्मशास्त्र दोन गोष्टी एकाच वेळी सांगते. ईश्वर सर्वशक्तिमान व सर्वज्ञ आहे. त्याच्या इच्छेबाहेर काही घडत नाही. आणि माणूस आपल्या कृत्यांना जबाबदार आहे. त्याला पापाचा जाब द्यावा लागेल. यांतली एक गोष्ट धरली की दुसरी हातून निसटू लागते. सर्व काही ईश्वराच्या इच्छेने घडत असेल तर पापही तिनेच घडते. मग शिक्षा माणसाला का? उलट, माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकत असेल तर ख्रिस्ताने क्रुसावर मरण्याचे कारण काय? ही कात्री सोडविण्यात ख्रिस्ती विचारवंतांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या.

या वादात एक भेद फार महत्त्वाचा आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने तो नेमकेपणाने मांडला. ईश्वर दुष्कृत्य इच्छीत नाही. तो ते घडू देतो. माणसाला इच्छा दिली म्हणजे ती वाकडी वापरण्याची मोकळीकही दिली. म्हणून 'घडले' आणि 'ईश्वराने इच्छिले' ही दोन वाक्ये सारखी नव्हेत. धर्मशास्त्राच्या पुस्तकात हा भेद नीट लिहिलेला सापडतो. स्मशानात मात्र तो विसरला जातो, आणि तो विसरण्याने कोणाचा फायदा होतो हे पाहण्यासारखे असते.

३

आधी मूळ ग्रंथाकडे जाऊ. शरणागतीचा सर्वोच्च नमुना म्हणून ख्रिस्ती उपदेशक गेथशेमाने बागेतील प्रसंग सांगतात. अटक होण्याच्या रात्री येशू प्रार्थना करतो. हा मरणाचा प्याला टळावा अशी आपली इच्छा तो उघड बोलून दाखवितो आणि शेवटी पित्याच्या इच्छेला मान तुकवितो. उपदेशात सहसा दुसऱ्या भागावर भर असतो. परंतु पहिला भाग नसेल तर दुसऱ्याला काय अर्थ उरतो? येशूला स्वतःची इच्छा होती, ती वेगळी होती, ती त्याने दडपली नाही. मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणे त्याने तीनदा प्रार्थना केली. ज्याला नाही म्हणता येत होते अशा माणसाचा तो होकार होता. शिवाय ही शरणागती पिलाताला नव्हती, मुख्य याजकांना नव्हती. ज्या आयुष्यामुळे सत्ताधाऱ्यांनी त्याला मारले त्या आयुष्यापासून मागे न फिरणे, एवढाच तिचा अर्थ होता.

जुन्या करारात तर ईश्वराशी भांडणारी माणसे पानोपानी भेटतात. अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो. ईयोबाची मुले मरतात, अंगभर फोडे येतात. त्याचे मित्र त्याला सांगतात की तुझेच काही पाप असणार, कबूल कर. ईयोब कबूल करीत नाही. तो ईश्वरालाच जाब विचारतो. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वर रागावतो तो ईयोबावर नव्हे, त्या उपदेशक मित्रांवर. दुःखिताला 'तुझेच कर्म' म्हणून सांगणाऱ्यांची इतकी स्पष्ट हजेरी धर्मग्रंथांत क्वचितच घेतली गेली असेल.

निर्गमाच्या पुस्तकाच्या आरंभी शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी येतात. इब्री स्त्रियांना मुलगा झाला तर मारून टाका, असा फारोचा हुकूम असतो. त्या मारीत नाहीत. कारण एकच दिले आहे: त्या देवाला भीत होत्या. म्हणजे येथे देवाची भीती हेच राजाची आज्ञा मोडण्याचे बळ आहे. नव्या करारात पेत्र व इतर प्रेषित न्यायसभेपुढे हीच भूमिका घेतात: माणसाच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा वरची.

अर्थात दुसरी बाजूही त्याच ग्रंथात आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असा उपदेश आहे, आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सत्तेच्या अधीन राहण्याचा. एकाच पुस्तकात दोन सूर आहेत. कोणता सूर कोणी मोठ्याने वाचला, हाच पुढचा इतिहास होय.

४

इच्छास्वातंत्र्याचा पहिला मोठा वाद पाचव्या शतकाच्या आरंभी झाला. एका बाजूला ऑगस्टीन (३५४–४३०), आजच्या अल्जीरियातील हिप्पोचा बिशप. दुसऱ्या बाजूला पेलेगियस, ब्रिटनहून रोमला आलेला तपस्वी.

पेलेगियसचे म्हणणे सरळ होते. देवाने आज्ञा दिल्या म्हणजे त्या पाळण्याची शक्तीही दिली. जे करणे अशक्य आहे ते करावयास सांगून वर शिक्षा करणारा देव न्यायी कसा? आदामाचे पाप आदामाचे. नवे मूल ते घेऊन जन्मत नाही.

ऑगस्टीनने स्वतःच्या आयुष्यातून उत्तर दिले. चांगले कळत होते, हवेसेही वाटत होते, तरी वर्षानुवर्षे पाऊल उचलले नाही. इच्छा एकसंध नसते. ती दुभंगलेली असते, सवयीने जखडलेली असते. आदामाच्या पतनापासून सारी मानवजात अशी जखडलेली आहे, हेच आद्यपाप. ईश्वराची कृपा आधी येते आणि तिने सोडविलेली इच्छाच चांगले इच्छू शकते. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलेगियसची मते निषिद्ध ठरविली.

आपल्यासारख्या वाचकाला चटकन पेलेगियस जवळचा वाटतो. जन्माने कोणी पापी नाही, हे वाक्य जन्माने अस्पृश्य ठरविलेल्यांना गोड लागणारच. त्याच्या अनुयायांच्या वर्तुळातून धनसंपत्तीवरील एक प्रबंध आला. काहींनी गरजेपेक्षा जास्त घेतले म्हणूनच बाकीचे गरीब राहिले, असे त्यात रोखठोक सांगितले आहे. ऑगस्टीनने मात्र 'देवाचे नगर' या ग्रंथात गुलामगिरी ही पापाची शिक्षा म्हणून जगात आली असे लिहिले. ईश्वराने मुळात माणसाला माणसाचा धनी केले नव्हते, हे तो त्याच ठिकाणी मान्य करतो. पण शिक्षा म्हटले की ती सोसणे ओघाने आलेच.

तरीही येथे थांबून विचार करावयास हवा. माणसाची इच्छा पूर्ण मोकळी आहे असे म्हटले की त्याचे दुसरे टोक आपल्याच अंगावर येते. 'मनात आणले असते तर शिकला असता', 'जिद्द असेल तर कोणीही वर येतो' हे आपण कोणाच्या तोंडून ऐकतो? घरात पहिल्यांदा पदवी घेणाऱ्या कोणालाही विचारावे. मला जिद्द होती. माझ्याबरोबर चौथीत असलेल्या आणि पुढे उसाच्या फडावर गेलेल्या पोरांना ती कमी होती असे मला कधी वाटले नाही. इच्छा करण्याआधीच इच्छेभोवती भिंती उभ्या असतात, आणि काही भिंती मनाच्या आत बांधल्या जातात. ऑगस्टीनला हे दिसले होते. त्याने त्या भिंती आदामाने बांधल्या असे म्हटले. आपण म्हणू, त्या माणसांनी बांधल्या, आणि बांधणाऱ्यांचा पत्ता सापडतो.

५

अकराशे वर्षांनी हाच वाद पुन्हा पेटला. सप्टेंबर १५२४ मध्ये डच मानवतावादी पंडित इरॅस्मस याने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले: कृपेवाचून तारण नाही हे खरे, पण माणसाची इच्छा त्या कृपेला होकार वा नकार देऊ शकते. डिसेंबर १५२५ मध्ये मार्टिन लूथरने 'बद्ध इच्छा' या आशयाचा ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिले. तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा स्वतंत्र नाहीच. ती ओझ्याच्या जनावरासारखी आहे. तिच्यावर एक तर ईश्वर स्वार होतो, नाही तर सैतान.

धर्मशास्त्राचे इतिहास ही दोन पुस्तके शेजारी ठेवतात. या दोन तारखांच्या मध्ये जे घडले ते सहसा वेगळ्या प्रकरणात जाते. मार्च १५२५ मध्ये दक्षिण जर्मनीतील मेमिंगेन गावी शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या. तिसरी मागणी अशी होती: ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांना सारखेच सोडविले, मेंढपाळाला आणि सर्वांत वरच्यालाही, तेव्हा आम्ही कोणाच्या मालकीचे भूदास नाही. शेवटी त्यांनी हेही लिहिले होते की, आमची एखादी मागणी शास्त्राविरुद्ध आहे असे दाखवून द्या, आम्ही ती सोडतो.

लूथरने एप्रिलमध्ये आधी सरदारांनाच दोष दिला, हे नोंदविले पाहिजे. पण भूदासत्वाबाबत तो म्हणाला की, ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, ते देहाचे करू नका. अब्राहामाकडेही दास होते. मे महिन्यात उठाव पसरला तेव्हा त्याने बंडखोर शेतकऱ्यांना निर्दयपणे ठार करण्याचा सल्ला देणारी पुस्तिका लिहिली. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेन येथे शेतकऱ्यांचा सैन्याने चुराडा केला. त्यांचा धर्मोपदेशक थॉमस म्युंट्सर याचा २७ मे रोजी शिरच्छेद झाला. एकूण मृतांचे अंदाज एक लाखापर्यंत जातात.

लूथरच्या कृपाविचाराने पोपच्या धर्मसत्तेपासून सामान्य माणसाला एक मोठे स्वातंत्र्य मिळवून दिले, हे नाकारता येत नाही. पण ते स्वातंत्र्य आत्म्यापाशी अडविले गेले. शेतकऱ्यांनी ते शेतापर्यंत आणले, एवढाच त्यांचा अपराध. आत्म्याने समान आणि गावकुसाबाहेर असमान, ही वाटणी आपल्या चांगल्याच परिचयाची आहे.

६

येथे एक समज दूर करावयास हवा. इच्छास्वातंत्र्य मानणारे सगळे मुक्तीच्या बाजूचे आणि सर्व काही ईश्वराने ठरविलेले आहे असे मानणारे सगळे मालकांच्या बाजूचे, अशी सोपी मांडणी टिकत नाही. अमेरिकेतील गुलामगिरीचा इतिहास तिला खोटी पाडतो.

मेथॉडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली माणसाच्या होकाराला महत्त्व देणारा. त्याने १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्याचा एकेकाळचा सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड पूर्वनियतीवादी. त्याने जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरीला परवानगी मिळावी म्हणून खटपट केली आणि स्वतः गुलाम बाळगले. इथवर मांडणी जुळते. पण न्यूपोर्टचा सॅम्युएल हॉपकिन्स कडवा पूर्वनियतीवादी असूनही १७७६ साली गुलामांच्या मुक्तीसाठी लिहितो. आणि इच्छास्वातंत्र्य सांगणारा वेस्लीचा अमेरिकन पंथ १८४४ साली गुलामगिरीच्याच प्रश्नावर फुटतो. दक्षिणेकडचे मेथॉडिस्ट गुलाम सोडावयास तयार नसतात. सिद्धांत कोणताही असो, निर्णायक ठरतो तो वेगळाच प्रश्न: ईश्वराची इच्छा काय आहे हे सांगण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे?

मालकांना हे पक्के कळले होते. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलमधील निवडक भागांचे एक पुस्तक छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलच्या ११८९ अध्यायांपैकी त्यात केवळ २३२ अध्याय होते. इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून बाहेर पडले ती कथा वगळली. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही हे गलतीकरांस पत्रातील वचन वगळले. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेश ठेवला. शरणागतीचा धर्म तयार करण्यासाठी ग्रंथाला कात्री लावावी लागली, हीच त्या ग्रंथात दुसरे काही होते याची कबुली नव्हे काय?

गुलामांनी वगळलेले भाग कानोकानी मिळविले. फ्रेडरिक डग्लस गुलाम असताना मेरीलँडमध्ये त्याने काही जणांबरोबर रविवारची शाळा चालविली. गुलामांना बायबल वाचता यावे एवढाच हेतू होता. गावातील धार्मिक म्हणविणारे गोरे काठ्या घेऊन आले आणि त्यांनी ती मोडली. १८३८ साली तो पळून स्वतंत्र झाला. १८४५ च्या आत्मकथनाला जोडलेल्या परिशिष्टात त्याने ख्रिस्ताचा धर्म आणि गुलाममालकांचा धर्म यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे असे बजावले.

कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन याने १९४९ च्या आपल्या पुस्तकात आजीची हकिकत दिली आहे. ती गुलामगिरीत वाढलेली, निरक्षर. नातवाकडून बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रे वाचू देत नसे. प्रेमावरचा एक अध्याय तेवढा अपवाद. कारण मालकाचा उपदेशक वर्षातून अनेकदा पौलाच्याच आधाराने गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवी. तिने तेव्हाच ठरविले होते: कधी सुटले आणि वाचता आले, तर तो भाग वाचणार नाही. एका निरक्षर बाईने धर्मग्रंथापुढे उभे राहून काय घ्यावे आणि काय टाकावे हे ठरविले. इच्छास्वातंत्र्याचे याहून चांगले उदाहरण मला कोणत्याही धर्मपंडिताच्या लेखनात सापडले नाही. १९३५ च्या अखेरीस थर्मन या उपखंडात आला तेव्हा कोलंबोत एका वकिलाने त्याला विचारले की, तुमच्या लोकांना गुलाम करणाऱ्यांचा धर्म तुम्ही कसा मानता? त्या प्रश्नाचे उत्तर शोधतानाच ते पुस्तक आकाराला आले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती.

७

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार बारकाईने केला होता. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचे लेखन आहे. त्यातील एक मुद्दा आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडतो. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले गेले की तुझी अधोगती पूर्वजन्मीच्या कर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की ती पूर्वजांच्या पापामुळे. दोन्हीकडे सुटका नाही, आणि दोन्हीकडे समाजव्यवस्थेकडे बोट जात नाही. आद्यपापाच्या सिद्धांतावर युरोपात हजार वर्षे काथ्याकूट झाला. महारवाड्यात तो आल्यावर काय होतो, हे त्यांनी दोनचार वाक्यांत दाखविले.

पुढे ख्रिस्ती दलितांमधूनच याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील व्याख्यानात भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनावरील ब्राह्मणी पगड्याला आव्हान दिले. दलितांच्या वेदनेतून आणि इतिहासातून ईश्वराचा विचार करू पाहणाऱ्या दलित धर्मचिंतनाची सुरुवात बहुधा येथूनच मानली जाते. लॅटिन अमेरिकेत गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी १९७१ साली मुक्तीचे धर्मशास्त्र मांडले होते. येथे त्यात जातीचा प्रश्न आला. आणि ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींपासून दूर ठेवले ते काही ईश्वरी इच्छेने नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने ठेवले. त्यात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले.

८

मी त्या विद्यार्थ्याला काय सांगितले? मी श्रद्धावान नाही, हे आधी सांगितले. मग म्हटले, तुझ्या आईच्या श्रद्धेच्या आतूनच तीन प्रश्न विचारता येतात. ही ईश्वराची इच्छा आहे असे कोण सांगतो आहे, आणि ती तशी असण्यात त्याचा काही लाभ आहे काय? ज्याला नमावयास सांगितले जाते त्याला नाही म्हणण्याची सोय आहे काय? कारण ती नसेल तर ती शरणागती नव्हे, नाइलाज होय. आणि हीच शरणागती धन्यालाही सांगितली जाते काय? फारोने ऐकले नाही, म्हणून तर निर्गमाची कथा घडली. मजूर दोन दिवस थांबू म्हणत होते तेव्हा मालकाला देवाची इच्छा कोणी सांगितली?

तो ईयोबाचे पुस्तक घरी घेऊन गेला. आईला त्याने रोज थोडे थोडे वाचून दाखविले. वाचून झाल्यावर ती त्या मित्रांविषयी बराच वेळ बोलत होती, असे त्याने मला सांगितले. देवाविषयी ती काही बोलली नाही. दुसऱ्या महिन्यात दोघांनी मिळून अर्ज केला. अर्जावर तिचा अंगठा आहे.

त्या अर्जाचा निकाल अजून लागावयाचा आहे. दर रविवारी ती पूर्वीप्रमाणेच चर्चला जाते.